तोंडामागं किती?

"दर न्याय्य असला, की गिऱ्हाईक भांडत नाही," असं शार्दूल मुनीश्वरने एका रविवारी सकाळी पोह्यांच्या बशीसमोर बसून जाहीर केलं. तेव्हा त्याला फोटोग्राफर होऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि एकही गिऱ्हाईक त्याच्याशी भांडलं नव्हतं. भांडायला मुळात गिऱ्हाईक लागतं!

त्याची बायको अवनी लिंबू पिळत होती. शार्दूलचे वडील यज्ञेश्वरराव हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

"आणि न्याय्य दर काढणार कसा?"

"अभ्यास करून."

"बरं," म्हणून त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर घेतलं. दहावीच्या नापास मुलांना ते असंच "बरं" म्हणायचे.

शार्दूलचा न्यायाशी जुना संबंध होता. कॅमेरा गळ्यात पडण्याआधी तो एका विमा कंपनीत क्लेम तपासायचा. कुणाची मोटारसायकल म्हशीला धडकली, कुणाची गाडी पंचगंगेच्या पुरात बुडाली, की शार्दूल जाणार, चहा पिणार आणि नुकसान किती ते सांगणार. दुसऱ्याच्या मोडक्या मडगार्डची किंमत त्याला अचूक सांगता यायची. स्वतःची किंमत सांगायची वेळ आली, तेव्हा गडी गडबडला. नोकरी सोडली होती, फंडाचे पैसे कॅमेऱ्यात आणि लेन्सेसमध्ये गेले होते आणि कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घराच्या बाहेरच्या खोलीत एक पांढरा पडदा लावून झाला होता. त्या पडद्यासमोर आजवर फक्त अवनी उभी राहिली होती, तीही जळमटं काढायला.

अवनी तशी समंजस बाई. तिने एकच अट घातली होती. गुढीपाडव्यापर्यंत एक तरी अख्खं लग्न मिळव. नाही मिळालं, तर शाहूपुरीत माझ्या दादाच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं.

ही शिक्षा किती भयंकर आहे, हे ज्याला मेहुणा आहे त्यालाच कळेल. हा मेहुणा शार्दूलला चारचौघांत "आमचे कलाकार" म्हणायचा. त्याच्या हातून महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा आणि बाथरूमच्या फरशा दाखवत उभं राहायचं! शार्दूलला या कल्पनेनेच घाम फुटायचा. म्हणून तो पेटला होता. दर ठरला, की लग्न मिळणार. न्याय्य ठरला, की नक्की मिळणार.

पहिला दर त्याने तासावर लावला. गल्लीतलंच एक बारसं होतं. बाळाच्या आजोबांनी त्याला दारातच अडवलं.

"मीटर कधी सुरू होतं तुमचं? कॅमेरा गळ्यात आल्यावर ना?"

"तसं म्हणायला हरकत नाही."

"मग आत्ता पिशवीतच ठेवा. हाक मारतो."

शार्दूल चपलांच्या ढिगाशेजारी बसून राहिला. आत बायका आल्या, घुगऱ्या वाटल्या, गाणी झाली. मग हाक आली. तो धावत आत गेला, पाळण्याला दोन झोके दिलेले टिपले आणि आजोबांनी हात वर केला. "झालं. बंद करा." तेवढ्या वेळाच्या बिलात शार्दूलच्या दुचाकीचं पेट्रोलही बसलं नाही.

मग त्याने फोटोवर दर लावला. एका मुंजीत मुलाचे काका त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून दिवसभर उभे राहिले. "हा नको. हाही नको. ह्यात भटजींनी जांभई दिली, हा तुमच्या खात्यावर." संध्याकाळपर्यंत अख्ख्या मुंजीतून नऊ फोटो मंजूर झाले, आणि त्यातल्या तिनात काकाच होते.

एखादा शहाणा माणूस इथे थांबला असता. शार्दूलने अभ्यास वाढवला. आणि एका मंगल कार्यालयात नमुने दाखवायला गेला असताना त्याला साक्षात्कार झाला. आतल्या खोलीत मुलीचा बाप आणि केटरर बोलत होते. ताटाला किती, जिलबी धरून किती, बस. कुणी केटररला विचारलं नाही की भात शिजायला तुला किती तास लागतात. ताट म्हणजे माणूस, माणूस म्हणजे पैसे. सगळ्यांना कळतं, सगळ्यांना पटतं. मग फोटोत जेवढे चेहरे, तेवढे पैसे का नाही? जो फोटोत आला, त्याचा दर. जो नाही आला, त्याचा नाही. याहून न्याय्य जगात काय असणार!

"चेहऱ्यामागे दर," तो रात्री अवनीला म्हणाला.

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, हा माणूस सरळ आहे."

लोक काय म्हणाले, ते पुढे येईलच.

त्याच आठवड्यात दारात एक पांढरी धूड गाडी थांबली. तीतून विश्वजित चौगले उतरला. बिद्रीच्या साखर कारखान्याजवळच्या गावचा, ऊस घरचा आणि दारात दोन जेसीबी. त्याने आल्या आल्या मोबाईल पुढे केला. त्यावर म्हशीचा फोटो होता.

"ह्यो तुमीच काढलासा न्हवं?"

"हो. कृषी प्रदर्शनात."

"आमच्या दोस्ताची म्हस हाय. त्येनं स्टेटसला ठेवलीया. म्हशीला एवढं देखणं काढलंय म्हटल्यावर आमची माणसं तर काय, बरीच बरी हायत."

शार्दूलने ती पावती विनम्रपणे घेतली. विश्वजितने मग काम सांगितलं. धाकट्या बहिणीचा, संयोगिताचा साखरपुडा होता. पाहुणे चंदगडचे गावडे, काजूचा कारखाना असलेले. चौगल्यांनी नवा बंगला बांधला होता आणि दिवाणखान्याची समोरची भिंत मुद्दाम मोकळी ठेवली होती. तिथे दोन्ही घराण्यांचा एकच भला मोठा फोटो लावायचा होता.

"बाकी विधीचं फोटो काढाच. पर मेन म्हंजे त्यो घराण्याचा फोटो. साखरपुडा चांगला झाला, तर लगीन बी तुमालाच. हळदीपासनं वरातीपातूर, तीन दिस."

आत स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला. अवनी ऐकत होती.

"आता दराचं बोला."

शार्दूलने घसा साफ केला. "चेहऱ्यामागे दोनशे. घराण्याच्या फोटोत जेवढे चेहरे येतील, तेवढे मोजायचे. विधींचे फोटो त्यातच."

विश्वजितने डोळे बारीक केले. "म्हंजे ताटासारखं."

"अगदी ताटासारखं."

"आरं, मग असं सांगा की. बाकीचं फोटोवालं काय काय बोलत्यात, प्याकेज म्हणं, आल्बम म्हणं. ह्ये बरं हाय." विश्वजित खुर्चीत पुढे सरकला. ताटाचा सौदा त्याच्या रक्तात होता. "मग पोरास्नी हाफ."

"हाफ?"

"केटरर पोरांचं ताट हाफच धरतोय. आनि नवरा-नवरीचं त्यो धरतच न्हाय."

"ठीक आहे. नवरा-नवरी फ्री."

"कडंवरचं पोरगं?"

"तेही फ्री."

"मागल्या रांगंत हुबारल्याला माणूस, त्येचं नुसतं कपाळ दिसतंय. त्येचं पुरं पैसं कशाला द्यायचं?"

इथे शार्दूलमधला क्लेम तपासणारा जागा झाला. गाडीचं दार चेपलंय का निखळलंय, असल्या प्रश्नांवर त्याने सात वर्षं काढली होती. "नाक दिसलं तर पूर्ण," तो म्हणाला, "नाही दिसलं तर अर्धा."

विश्वजितने टाळीसाठी हात पुढे केला. "पावणं, तुमी हिशेबाला चोख हाय बघा."

तो गेल्यावर यज्ञेश्वररावांनी चष्मा पुसला. "नाकाला धरून दर," ते म्हणाले. "चांगलं आहे. आमच्या शाळेत पण अशीच फी घ्यायला हवी होती."

साखरपुड्याच्या दिवशी शार्दूल कॅमेरे, दिवे आणि एक शिडी भाड्याच्या टेम्पोत घालून वेळेआधी पोचला. कारखान्याचा हंगाम चालू होता. उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेतून वाट काढत टेम्पो मंगल कार्यालयापुढच्या मांडवाशी आला, तर दारातच विश्वजित टेबल टाकून बसलेला. पुढ्यात कुपनांचे तीन गठ्ठे.

"पांढरं जेवणाचं," त्याने समजावलं. "गुलाबी फोटोचं, फुल. पिवळं फोटोचं, हाफ. आयत्या येळी गर्दी नको. ज्येच्याकडं कुपन, त्योच ष्टेजवर."

शार्दूलला आधी जरा चर्र झालं. पण मग त्याने विचार केला, की आपली पद्धत माणसांनी किती लवकर उचलली. त्याला अभिमानच वाटला. असल्या वेळी माणसाला अभिमान वाटतो, ही निसर्गाची फार वाईट सोय आहे.

विश्वजित मोठ्या मनाचा माणूस होता, पण मोठं मन त्याने जेवणावर खर्च केलं होतं. तोंडांच्या बाबतीत त्याने हात आखडता घेतला. निम्म्या भाऊबंदांना गुलाबी कुपन मिळालंच नाही. जे बुटके होते, त्यांना पिवळं मिळालं, कारण ते मागे उभे राहिले की नाक दिसणार नाही, असा त्याचा अंदाज होता. या अंदाजात बाळाबाई सापडली.

बाळाबाई म्हणजे विश्वजितची आत्या. विश्वजितचा आजा, घरातले कर्ते ज्ञानूआबा. त्यांची ही धाकटी बहीण खरी, पण आख्खं घर तिला आत्याच म्हणायचं. संयोगिताची आई लवकर गेली, तेव्हा पोरीला हिनेच वाढवलं होतं. उंचीने खुर्चीच्या पाठीएवढी आणि आवाजाने कारखान्याच्या भोंग्याएवढी.

"ह्ये पिवळं कसलं रं?"

"आत्या, फोटोचं हाय. मागं हुबी ऱ्हा. तुजं निम्मं तोंड धरलंय."

"निम्मं?"

"नाक दिसत न्हाय न्हवं मागनं. नाक न्हाय तर हाफ. ह्या फोटोवाल्या पावण्यांचा नेमच हाय तसा."

बाळाबाईने कुपन उलटसुलट करून पाहिलं. मग ती शार्दूलकडे वळली. "पोरीला न्हाऊमाखू घालताना ह्ये तोंड पुरं हुतं," ती म्हणाली. "तिचा ताप उतरवताना रातभर जागत बसल्यालं बी पुरंच हुतं. आता निम्मं झालं व्हय?"

"तसं नाही आत्या, हा फक्त हिशेबाचा..."

"बरं. मग ह्ये बी नको तुमच्या हिशेबात." तिने पदर डोक्यावरून ओढून थेट हनुवटीच्या खाली आणला आणि स्टेजसमोरच्या पहिल्या खुर्चीत जाऊन बसली. "माजं तोंड लई म्हाग हाय. झाकल्यालंच बरं."

ही गोष्ट एवढ्यावर राहती तर निभावलं असतं. पण पिवळ्या कुपनाच्या बायका काही कमी नव्हत्या आणि कुपन न मिळालेल्या तर त्याहून जास्त होत्या. एक येऊन बाळाबाईशेजारी बसली. तिनेही पदर ओढला. मग दुसरी. बघता बघता पहिली रांग पैठण्यांनी तोंडं झाकून बसली, जणू आंब्याच्या पेट्या बांधून ठेवल्यात. त्यातून अधूनमधून आवाज यायचा, "व्हय की," आणि "बघा की."

शार्दूल विश्वजितकडे धावला. "अहो, सगळ्यांना गुलाबी द्या. मी कमी करून देतो."

"आता कमी करून काय हुतंय? आत्या एकदा बसली की बसली." तेवढ्यात विश्वजितचा चेहरा उतरला. तो शार्दूलच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होता.

पाहुण्यांची बस आली होती. तिच्यामागे आणखी एक आली. त्यामागे जीप. चंदगडच्या गावड्यांनी साठ माणसं सांगितली होती. पण घाट उतरून एवढ्या लांब यायचं, तर मागे कुणाला ठेवायचं, असा विचार करून त्यांनी कुणालाच ठेवलं नव्हतं. म्हातारे, पोरं, शेजारी, कारखान्यात काजू फोडणाऱ्या बायका, सगळे नटूनथटून उतरत होते.

"ह्येंची तोंडं कुणाच्यात धरायची?" विश्वजित पुटपुटला.

"म्हणजे?"

"ताटं आमच्याकडं, त्ये कबूल हाय. साखरपुडा मुलीकडचा. पर तोंडं? त्येंची तोंडं त्येंनी द्याला नकोत?"

"तुम्ही त्यांच्याशी बोलून घ्या."

"मी कसं बोलू? मी मुलीचा भाऊ. दर तुमचा हाय, तुमीच बोला."

शार्दूलच्या जागी दुसरा कुणी असता, तर लेन्स बिघडली म्हणून गावातून पसार झाला असता. पण व्यवहार आधी स्पष्ट असावा, हे शार्दूलच्या अभ्यासात ठळक अक्षरात होतं. मुलाचे वडील गणपतराव गावडे मांडवात बसून पहिला पेढा तोंडात टाकत होते. शेजारी ज्ञानूआबा पांढऱ्या फेट्यात, व्याह्यांच्या आगतस्वागतात. नवरामुलगा राजवीर त्यांच्यामागे उभा. शार्दूल हात जोडून पुढे गेला.

"नमस्कार. आपल्या बाजूचे चेहरे साधारण किती आहेत? आणि ते कुणाच्या नावावर धरायचे?"

गणपतरावांनी पेढा गिळला. "काय म्हणालास गा? परत सांग."

शार्दूलने परत सांगितलं. नीट, टप्प्याटप्प्याने. फोटो, चेहरा, दोनशे, पोरांना अर्धा, नाकाचा नियम. मांडवातला आवाज हळूहळू कमी होत गेला. शेवटच्या वाक्याला तर ऊस वाहणारा ट्रॅक्टर बाहेर रस्त्यावर गियर बदलताना ऐकू आला.

"आबा," गणपतराव अगदी शांतपणे म्हणाले, "आमी हितं तोंडं दाखवायला आलाव, तर त्येचं पैसं पडतात व्हय तुमच्यात?"

"कसलं पैसं?" आबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "इश्वा, काय म्हणालंय ह्ये?"

विश्वजित एकदम मांडवाच्या खांबाचं निरीक्षण करू लागला.

"आमच्या काजू फोडणाऱ्या बायका रोजगार बुडवून आल्यात," गणपतराव उठत म्हणाले. "त्यांच्या तोंडाला दर लावलाय ह्येंनी. गाडी फिरवा."

साडी, पेढ्यांचं ताट आणि अंगठीची डबी घेऊन आलेल्या बायका पायरीवरच थबकल्या आणि उलट्या पावली खाली उतरायला लागल्या. बसच्या ड्रायव्हरने नुकती चप्पल काढली होती, ती त्याने पुन्हा घातली. राजवीर बापाकडे बघत होता आणि आतल्या खोलीच्या दारात संयोगिता उभी होती. तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं आणि ते शार्दूलने पाहिलं. त्याला त्या क्षणी मनापासून वाईट वाटलं. टाइल्सचं दुकान, पाडवा, लग्नाचं काम, सगळं डोक्यातून गेलं. आपल्यामुळे एका पोरीचं जमलेलं लग्न मोडतंय, एवढंच राहिलं. काहीतरी बोलायलाच हवं होतं. आणि त्याच्याकडे बोलायला एकच गोष्ट होती, न्याय.

तो स्टेजवर चढला आणि माईक हातात घेतला.

"ऐका जरा. गैरसमज होतोय. यात कुणाचाही अपमान नाही, उलट मान आहे. माझा दर सगळ्यांना सारखा आहे. मी लहानमोठं बघत नाही, गरीबश्रीमंत बघत नाही. आबा असोत, व्याही असोत, वाजंत्री असोत नाहीतर ट्रॅक्टरवरचा गडी असो, माझ्याकडे प्रत्येकाच्या चेहऱ्याची किंमत एकच."

हे वाक्य त्याने घरी आरशासमोर म्हटलं असतं, तर त्याचे त्यालाच डोळे भरून आले असते. मांडवात कुणाचे भरले नाहीत. आबा खुर्चीचा हात धरून उठले.

"म्हंजे माजी नि ट्रॅक्टरवाल्याची किंमत एकच?"

"अगदी बरोबर."

"व्याह्याची नि वाजंत्र्याची एकच?" गणपतराव पायरीवरून परत वर आले.

"हो. म्हणून तर न्याय्य आहे ना."

दोन म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. मघाशी एकाने दुसऱ्याच्या माणसांचा अपमान केला होता, आणि त्या माणसांत काजू फोडणाऱ्या बायका पहिल्या होत्या. त्या आता दोघांच्याही डोक्यातून पार गेल्या. दोघांच्याही मानेच्या शिरा एकाच कारणाने ताठ झाल्या होत्या.

"व्याही," आबा म्हणाले, "चूक आमची. असला माणूस आमच्या पोरानं आणला."

"तुमची कसली चूक गा आबा. ह्यो फोटोवाला शिकल्याला दिसतोय."

"कुठलं म्हणायचं ह्ये पावणं?" आबांनी विचारलं.

"मंगळवार पेठ," विश्वजितने खांबामागून सांगितलं.

"तरीच," दोघेही एका सुरात म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

मग काय विचारता! दोन घराण्यांना बोलायला विषय मिळाला. शहरातली माणसं कशी असतात, हिशेब केल्याशिवाय पाणी कसं पाजत नाहीत, गणपतरावांचा एक साडू पुण्याला असतो तो दाराला कसा आतून साखळी लावतो, असल्या गोष्टी रंगल्या. बायका ताटं घेऊन पुन्हा वर आल्या. ड्रायव्हरने चप्पल काढली. आबांनी तिन्ही रंगांची कुपनं गोळा करून मांडवाबाहेर फेकायला लावली आणि जाहीर केलं, "आज ह्या मांडवात पैशाचं नाव काढायचं न्हाय."

त्या भरात जेवणाची कुपनंही गेली, पण ते केटररला पंगत बसल्यावर कळलं.

साखरपुडा झाला. अंगठी बोटात गेली. घराण्याच्या फोटोसाठी सगळ्यांना स्टेजवर बोलावलं, आणि सगळे म्हणजे सगळेच आले. फक्त पहिल्या रांगेतले पदर जागचे हलेनात. आबांनी स्वतः जाऊन बहिणीला उठवलं. तिला मधोमध बसवलं, नवरीशेजारी. पण पदर काही वर होईना.

"आत्या," शार्दूल काकुळतीने म्हणाला, "माझं चुकलं. मी तुमचं तोंड मोजणारच नाही."

"मोजत न्हाईस?" पदरातून आवाज आला. "का? म्या माणसात न्हाय?"

"मोजतो. पूर्ण मोजतो."

"एवढी माणसं फुकट, नि माज्या एकटीचं पैसं?"

शार्दूलने कोपरापासून हात जोडले. ते मात्र तिला आवडलं असावं. पदर वर झाला. त्याबरोबर सगळ्या रांगेचे पदर वर झाले. शार्दूल शिडीवर चढला आणि त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं. आबा आणि गणपतराव खांद्याला खांदा लावून बसले होते, संयोगिता रडून हसत होती, बाळाबाई विजयी मुद्रेने लेन्सकडे रोखून बघत होती, मागे काजूवाल्या बायका, आचारी, वाजंत्री आणि ट्रॅक्टरवरचा गडी. प्रत्येकाचं नाक दिसत होतं. इतका चांगला फोटो त्याने आयुष्यात काढला नव्हता. म्हैससुद्धा यापुढे फिकी होती.

फोटो झाल्यावर आबांनी माईक मागितला. "आता आमच्या फोटोवाल्या पावण्यांचा सत्कार."

शार्दूलला वाटलं, पाकीट येणार. आला तो फेटा. आबांनी स्वतःच्या हाताने बांधला. गणपतरावांनी शाल घातली. बाळाबाईने नारळ ओटीत घालावा तसा त्याच्या हातात कोंबला आणि विश्वजितने काकवीचा डबा आणून पायाशी ठेवला. टाळ्या पडल्या. शार्दूलला भरून आलं. निघताना त्याने विश्वजितला जरा बाजूला घेतलं.

"ते बिलाचं..."

विश्वजित दुखावला. "पावणं, आबांनी काय सांगितलं? पैशाचं नाव काढायचं न्हाय. आनि आता तुमी परकं हाय व्हय? आबांच्या हातचा फेटा हाय डोक्यावर. घरच्या माणसाला बिल द्यायचं म्हंजे शिवी दिल्यासारखं झालं की."

"मग निदान लग्नाचं तरी..."

"लग्नाला तर यायचंच. वैनीस्नी घिऊन या, म्हाताऱ्यांस्नी बी घिऊन या. तिन्ही दिस." त्याने शार्दूलच्या खांद्यावर हात ठेवला. "कॅमेरा तेवढा आणू नका. घरच्या माणसाला राबवून घेतल्यालं बरं दिसत न्हाय. इचलकरंजीची पार्टी सांगितलीया आमी."

फेटा बांधलेला माणूस भाड्याच्या टेम्पोत शिडीशेजारी बसून घरी आला. अवनीने दार उघडलं, फेट्याकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं, नारळ आणि काकवीकडे पाहिलं. मग तिने मागच्या टेम्पोवाल्याकडे पाहिलं, कारण तो भाड्यासाठी थांबला होता. तिने आतून पर्स आणली. यज्ञेश्वररावांनी काकवी चाखून चांगली आहे असं सांगितलं.

पाडवा आला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून शार्दूल शाहूपुरीत फरशा दाखवू लागला.

मे महिन्यात लग्न होतं. तिन्ही दिवस काही तो गेला नाही, पण अक्षतांना अवनीला घेऊन गेला. इचलकरंजीची पार्टी क्रेन, ड्रोन आणि आठ पोरं घेऊन आली होती. शार्दूलला आबांनी पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं. बाळाबाईने हातात सरबत दिलं. दोन्ही घराण्यांची माणसं येऊन आपुलकीने चौकशी करत होती आणि खरं सांगायचं, तर त्याला बरं वाटत होतं.

आहेराचं पाकीट त्याने घरूनच तयार करून आणलं होतं. किती घालायचे, यावर त्याचा अख्खा रविवार गेला होता. मेहुण्याने दिलेल्या पहिल्या पगारातून शेवटी त्याने पाचशे एक घातले. घरचं म्हटल्यावर कमी नको, आणि दुकानाचा पगार म्हटल्यावर जास्त नको. टेबलावर बसलेल्या माणसाने पाकीट फोडलं, वहीत लिहिलं आणि गावच्या रिवाजाप्रमाणे लाऊडस्पीकरवर पुकारलं, "कोल्हापूरचे शार्दूल मुनीश्वर, आपले घरचेच, पाचशे एक."

शेजारच्या सोफ्यावर बाळाबाईने मान वळवली.

"घरचं, नि एवढंच?" ती तिच्या मते हळू आवाजात म्हणाली. ते तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं. "कमी झालं की, बाळा."

शार्दूलने अवनीकडे पाहिलं. अवनीने पर्स उघडली आणि ती टेबलाकडे चालू लागली. जरा वेळाने लाऊडस्पीकर पुन्हा खरखरला. "दुरुस्ती ऐका. शार्दूल मुनीश्वर, घरचेच, एक हजार एक."

मांडवात टाळ्या पडल्या. बाळाबाईने समाधानाने मान हलवली. धंदा सुरू केल्यापासून शार्दूलच्या प्रत्येक आकड्यावर कुणी ना कुणी घासाघीस करून तो खाली आणला होता. आकडा वर नेणारं माणूस त्याला आज पहिल्यांदाच भेटलं.